डिझेलचा दर, सरकारी कर आणि वऱ्हाडातील मशागत

उलंगवाडी आटोपून पराटीची खोडे निघाली की रिद्धपूरच्या शिवारात नांगरटीचे दिवस येतात. हे गाव गोविंदप्रभूंचे स्थान म्हणून महाराष्ट्रभर ठाऊक आहे. परंतु येथील बहुतेकांचा दिवस काळ्या जमिनीवर आणि संत्र्याच्या बागेतच जातो. ह्या दिवसांत धुऱ्यावर आणि पारावर एकच तक्रार ऐकू येते. डिझेल महागले की एकरी नांगरटीचे भाडे त्याच आठवड्यात वाढते. जगात कच्चे तेल स्वस्त झाल्याचे वर्तमानपत्रांत छापून येते तेव्हा मात्र भाडे तसूभरही उतरत नाही. दोष ट्रॅक्टरवाल्याचा, पंपवाल्याचा, तेलकंपन्यांचा की सरकारचा, ह्यावर वाद होतो व वाद करणारे जेवणाच्या वेळी घरोघर जातात. हा प्रश्न वादाने सुटणारा नाही, हिशोबाने सुटणारा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तो हिशोब आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बैलांच्या काळी शेतीला लागणारी शक्ती शेतातच पिकत असे. ज्वारीचा कडबा, तुरीचे कुटार, सरकीची ढेप हेच बैलांचे इंधन, आणि त्याचा भाव ठरविण्यास दिल्लीत वा अरबस्तानात कोणी बसलेला नव्हता. पुढे विहिरीवरील मोट जाऊन ऑइल इंजिन आले. किर्लोस्करांनी पुण्यास १९४६ साली तेलाची इंजिने करण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत हे इंजिन खेडोपाडी पोहोचले. मागून ट्रॅक्टर आला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, तसा कडबा नाहीसा झाला, आणि कडब्यावाचून बैलजोडी सांभाळणे म्हणजे हत्ती पोसणे होऊन बसले. जो शेतकरी पूर्वी शक्ती पिकवीत होता तो आता ती लिटरने विकत घेतो. म्हणून तेलाच्या दरातील सरकारचे धोरण हा आता शहरातील मोटारवाल्यांपुरता विषय राहिलेला नाही.

आता एका लिटरचा हिशोब पाहू. कच्चे तेल पिंपाने विकले जाते व एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. पिंपाचा भाव ७० डॉलर आणि डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर एका लिटरमागे कच्च्या तेलाचे सुमारे साडेसदतीस रुपये पडतात. ह्यावरून एक सोपा आडाखा मिळतो: पिंपामागे १ डॉलर चढला वा उतरला की लिटरमागे सुमारे ५३ पैशांचा फरक पडावयास हवा. हा आडाखा प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. वर्तमानपत्रातील डॉलरचे आकडे पाहून घाबरण्याचे किंवा हुरळून जाण्याचे मग कारण उरत नाही.

ह्या साडेसदतीस रुपयांवर जहाजाचे भाडे, शुद्धीकरणाचा खर्च, कंपनीचा नफा, डेपोपर्यंतची व तेथून पंपापर्यंतची वाहतूक, आणि पंपवाल्याचे कमिशन चढते. उरलेला सगळा भाग कराचा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिझेलवरील अबकारी कर लिटरमागे २ रुपयांनी वाढविला. तेव्हा तो आकडा १७ रुपये ८० पैसे झाला. महाराष्ट्र राज्याचा मूल्यवर्धित कर डिझेलवर शेकडा २१, आणि तो केंद्राचा कर मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे करावर पुन्हा कर. पंपावरील दर हिशोबास सोयीचा म्हणून ९० रुपये धरला, तर त्यात राज्याचे सुमारे १५ रुपये ६० पैसे येतात. दोन्ही मिळून ३३ रुपये ४० पैसे झाले, म्हणजे शंभर रुपयांच्या डिझेलात सुमारे सदतीस रुपये कर.

हे आपल्या एकरावर बसवून पाहावे. नांगरट, वखरणी, पेरणी, मालाची ने-आण मिळून हंगामात एकरी २० लिटर डिझेल लागते असे गृहीत धरू; कोणाचे कमी लागेल, ओलीत इंजिनावर असेल तर पुष्कळच अधिक. वीस लिटरांत कर होतो सुमारे ६६८ रुपये. दहा एकरांच्या खातेदाराने असा ६,६८० रुपये कर भरला. केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीतून त्याच खातेदारास वर्षाकाठी ६,००० रुपये मिळतात. राज्य सरकार त्यात आणखी ६,००० ची भर घालते हे खरे. तेही सांगितले पाहिजे. पण एक हात देतो तेव्हा दुसरा हात काय करतो, हे पाहण्याची सवय आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. डिझेलवरील कराची पावती कोणी फाडून देत नाही. ट्रॅक्टरच्या भाड्यात लपून तो जातो, म्हणून तो दिसत नाही.

सरकारचा हात तेलाच्या दरात नेहमीच होता. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग झाले, कुपनावाचून थेंब मिळेना, आणि कोळशाच्या धगीवर गॅस करून मोटारी चालविण्याचे प्रयोग झाले. पुढे १९७३ च्या अरब–इस्रायल युद्धानंतर पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांतच १२ डॉलरच्या आसपास गेला. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत होता तोच हा दुसरा घाव बसला. त्याच दशकात परदेशी तेलकंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. १९७४ साली एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली व १९७६ साली बर्मा शेल घेऊन भारत पेट्रोलियम उभी राहिली. दर सरकार ठरवी आणि त्यातील चढउतार एका सामाईक खात्यात जिरवी. ही पद्धत १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपली, परंतु डिझेलचा दर पुढेही सरकारच्या इशाऱ्यावाचून हलत नसे.

त्या व्यवस्थेची आठवण काढून उसासे टाकणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. दर दाबून ठेवल्याने जी तूट येई ती कोठून तरी भरावी लागे. २०१२-१३ ह्या एका वर्षात डिझेल, रॉकेल व स्वयंपाकाचा गॅस मिळून ती तूट १ लाख ६१ हजार कोटी रुपयांवर गेली होती, आणि त्याआधीची काही तूट सरकारने रोख्यांच्या रूपाने पुढील पिढीच्या डोक्यावर ठेवली होती. शिवाय स्वस्त डिझेल शेतकऱ्याच्या नावाने दिले जाई आणि शहरातील मोठ्या मोटारी व मोबाइलचे मनोरे त्यावर चालत. तेव्हा जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर बाजारावर सोडला गेला, हे तत्त्वतः चुकले असे आम्हांस वाटत नाही. बाजारात दर चढला तर सोसू, उतरला तर लाभ घेऊ, असा तो करार होता.

करार एका बाजूनेच पाळला गेला, ही आमची तक्रार आहे. भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव २०१३-१४ साली पिंपामागे १०५ डॉलरांच्या वर होता. २०१५-१६ साली तो ४६ डॉलरांवर आला. रुपया थोडा घसरला ते जमेस धरूनही लिटरमागे सुमारे २१ रुपये उतरावयास हवे होते. काही भाग पूर्वीची तूट नाहीशी होण्यात गेला हे मान्य. परंतु नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ ह्या अवधीत केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढविला. एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे असलेला कर १७ रुपये ३३ पैशांवर गेला.

दुसरा प्रसंग २०२० चा. टाळेबंदीत जगाचे व्यवहार थांबले आणि त्या एप्रिलात भारताच्या खरेदीचा सरासरी भाव पिंपामागे २० डॉलरांच्याही खाली आला. मार्चमध्ये ३ रुपये व मेच्या आरंभी डिझेलवर १३ रुपये असा कर चढवून तो ३१ रुपये ८३ पैशांवर नेण्यात आला. त्यानंतर जूनच्या ७ तारखेपासून पंपावरील दर रोज वाढू लागले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस दिल्लीत डिझेल पेट्रोलहूनही महाग झाले. तिफणी आणि ट्रॅक्टर शेतात होते, मृगाची पेरणी चालली होती. सरकारास साथीच्या वर्षी पैसा हवा होता, हे आम्ही नाकारीत नाही. पेट्रोलियमवरील केंद्रीय अबकारी उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी होते, ते २०२०-२१ मध्ये सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी झाले. पण ज्या माणसाने त्या साली कापूस घरात साठवून ठेवला होता आणि ज्याची संत्री बागेतच गळाली, त्याच्याकडूनच तो गोळा करावयाचा होता काय?

पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये हा कर दोनदा उतरविला गेला, तोही सांगणे न्यायाचे आहे. मात्र बाजाराच्या हाती सोपविलेला हा दर कसा वागला ते पाहण्यासारखे आहे. जून २०१७ पासून तो रोज बदलावा असे ठरले होते. ४ नोव्हेंबर २०२१ पासून मात्र तो १३७ दिवस स्तब्ध राहिला, उत्तर प्रदेशादी राज्यांच्या निवडणुका त्या अवधीत झाल्या, आणि निकालानंतर २२ मार्च २०२२ पासून पुन्हा चढू लागला. एप्रिल २०२२ पासून तो पुनः गोठला. मे महिन्यातील करकपात सोडल्यास मार्च २०२४ पर्यंत तसाच राहिला. १५ मार्च २०२४ रोजी २ रुपयांनी उतरला आणि दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. दर बाजार ठरवितो की दुसरा कोणी, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

करातील एका बाबीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. फेब्रुवारी २०२१ पासून डिझेलवर लिटरमागे ४ रुपये व पेट्रोलवर अडीच रुपये असा एक उपकर आहे. त्याचे नाव ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’. तो लावताना इतर कर तितकेच कमी केले, म्हणून पंपावरचा दर त्यामुळे वाढला नाही. फरक दुसरा आहे. उपकराचा व विशेष अधिभाराचा पैसा केंद्रास राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. एप्रिल २०२५ च्या १७ रुपये ८० पैशांपैकी वाटणीत जाणारा मूळ अबकारी कर केवळ १ रुपया ८० पैसे होता. शेती, पाटबंधारे, गावरस्ते हे विषय बहुतांशी राज्यांचे. आणि शेतीच्या नावाने घेतलेला पैसा दिल्लीत राहतो. राज्यांनीही साधुत्वाचा आव आणू नये. त्यांचा कर टक्केवारीने असल्यामुळे दर चढला की त्यांचे उत्पन्न काही न करता वाढते, आणि म्हणूनच १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवण्यास दोन्ही सरकारे राजी झाली.

कारखानदारास इंधन महागले तर तो मालाचा भाव वाढवितो. मालमोटारवाला भाडे वाढवितो. शेतकरी मात्र किरकोळ भावाने विकत घेतो आणि दुसऱ्याने ठरविलेल्या भावाने विकतो. आधारभूत किमतीत डिझेलचा खर्च धरलेला असतो असे उत्तर मिळते. धरलेला असतो, पण कसा? कृषी मूल्य आयोग मागील वर्षांच्या उत्पादनखर्चाचे आकडे पुढे वाढवून अंदाज बांधतो आणि किंमत पेरणीच्या सुमारास जाहीर होते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये क्विंटल ठरले. त्यानंतर दिवाळीपर्यंत डिझेल कितीही चढले तरी ती संख्या हलणार नव्हती. आमची मागणी म्हणून स्वस्त डिझेलाची नाही. कच्चे तेल अमुक मर्यादेखाली उतरल्यास उतरत्या रकमेचा निम्मा तरी भाग ग्राहकास पोहोचेल, आणि मृगापासून पेरण्या आटोपेपर्यंत कर वाढविला जाणार नाही, एवढे नियमात बांधले जावे, ही ती मागणी आहे.

सरकारचे ऊर्जाधोरण केवळ करापुरते नाही, आणि त्याचा दुसरा धागा आपल्या सोयाबीनला येऊन गुंतला आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले आहे. परदेशी तेल कमी आणावे म्हणून पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे धोरण आहे. शेकडा वीस मिश्रणाचे उद्दिष्ट पूर्वी २०३० सालचे होते, ते २०२१ मध्ये पाच वर्षे अलीकडे आणले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, तेव्हा मक्याची मागणी एकाएकी वाढली. मका पिकविणाऱ्यास त्याचा लाभ झाला, आणि आमच्यापैकी काहींनी त्यामुळे मक्याकडे मोर्चा वळविला. परंतु मका व तांदूळ आंबवून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो तो कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात जातो, आणि तेथे त्याची गाठ सोयाबीनच्या पेंडीशी पडते. चोथा स्वस्त पडू लागला तशी पेंडीची मागणी घटली. सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर अवलंबून असतो; तेलाचा अंश त्यात थोडा. २०२४-२५ मध्ये आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत सोयाबीन त्याखाली विकले गेले, त्याच्या कारणांत परदेशी खाद्यतेलाची आवक आहेच, पण हा चोथाही आहे. पेट्रोल त्यामुळे स्वस्त झाले असते तर निदान एका खिशातून गेलेले दुसऱ्यात आले असे म्हणता आले असते. तसेही झाले नाही.

वाहतुकीविषयी थोडक्यात. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा भाव दिल्ली-कोलकात्याच्या मंडीत ठरतो आणि भाडे बागवानाच्या पट्टीतून कापले जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर व वरूड ऑरेंज सिटी स्थानकांवरून दिल्लीकडे किसान रेल निघाली व फळांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. रुळावर एक टन माल नेण्यास रस्त्याच्या मानाने फारच कमी इंधन लागते, हे जाणून केलेले ते काम होते. २०२२ मध्ये सवलत आटोपली आणि संत्रा पुन्हा मालमोटारीवर आला. तेलाची आयात कमी करावयाची असेल तर अशी गाडी चालू ठेवणे इथेनॉलइतकेच उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. पहिली काटकसर नांगरटीची. भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट दरवर्षी करण्याची गरज नाही. तण व कडक थर फार नसेल तर तीन वर्षांतून एकदा पुरे, मधल्या वर्षी वखराच्या पाळ्यांवर भागते. शेजाऱ्याने केली म्हणून आपणही करावी, ह्यापायी जाणारे डिझेल आम्ही दरवर्षी पाहतो. दुसरे, ट्रॅक्टर एका धुऱ्यावरून दुसऱ्या गावी रिकामा धावतो त्याचेही भाडे आपणच भरतो. सलग चार-पाच शेतांनी एकाच दिवशी काम लावले तर मालकाकडून भाडे उतरवून घेता येते. ट्रॅक्टरवाल्याशी भांडताना त्याचाही हिशोब मनात असावा. डिझेल ५ रुपयांनी वाढले आणि एकरी नांगरटीस ८ लिटर लागत असले, तर भाडे ४० रुपयांनी वाढणे वाजवी. २०० रुपयांनी वाढविले तर बाकीच्या १६० रुपयांचे कारण त्याने सांगितले पाहिजे. टायर, सुटे भाग, चालकाचा पगार ही कारणे खरी असू शकतात, पण ती डिझेलच्या नावावर खपवू देऊ नयेत.

ओलिताचा प्रश्न वेगळा आहे. सौर पंपासाठी सांप्रत राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना असून सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या शेकडा १० व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास शेकडा ५ रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यावर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या विजेच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याने पाच वर्षांसाठी वीज मोफत केली आहे. डिझेल इंजिनावर ओलीत करणाऱ्याने ह्यांपैकी एक मार्ग धरावा, ह्यात शंका नाही. रात्रीच्या विजेसाठी साप-डुकरांच्या भीतीत बागेत उभे राहणे ज्याने भोगले आहे त्यास सूर्याच्या पंपाची योग्यता सांगावयास नको. पण एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. वरूड व मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी आधीच कुप्रसिद्ध आहेत. डिझेल महाग होते म्हणून इंजिन बंद करण्याची घाई असे. त्या महागाईने नकळत पाण्याची राखण केली. फुकट शक्तीवर चालणारा पंप सूर्य मावळेपर्यंत थांबत नाही. सरकारने पंप दिला, पाण्याचे माप दिले नाही. तेव्हा सौर पंप घेणाऱ्याने त्याच वर्षी ठिबकही घ्यावे, आणि विहिरीच्या पाण्याची पातळी दर अमावास्येस दोर सोडून मोजावी.

शेवटी वहीविषयी. कृषी विद्यापीठामार्फत उत्पादनखर्चाचे जे आकडे गोळा होतात ते निवडक शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून होतात, आणि आपल्यापैकी कोणाकडेही इंधनाचा लेखी हिशोब नसतो. एक साधी वही करावी. डाव्या पानावर तारीख, काम, लिटर व दर. ट्रॅक्टर भाड्याचा असल्यास भाडे व मालकाने सांगितलेले लिटर. उजव्या पानावर त्या दिवसाचा पंपावरील दर आणि वर्तमानपत्रातील पिंपाचा भाव. येत्या मृगापासून उलंगवाडीपर्यंत रिद्धपूर व आसपासच्या गावांतील ज्या सभासदांच्या अशा वह्या पूर्ण होतील, त्यांनी त्या मंडळाच्या कचेरीत आणून द्याव्यात; आम्ही त्यांवरून एकरी इंधनखर्चाचा तक्ता करून ह्याच मासिकात छापू, आणि पुढील वर्षी आधारभूत किमतीसंबंधी जे निवेदन पाठवावयाचे त्यास तो जोडू.